अर्धशिशीतील दृक्-पूर्वलक्षणे

अर्धशिशीची डोकेदुखी सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे दृष्टिक्षेत्रात उमटणाऱ्या आणि आपोआप विरून जाणाऱ्या चमकत्या रेषा, नागमोडी आकृत्या व अंधुक किंवा रिकामे भाग यांना अर्धशिशीतील दृक्-पूर्वलक्षणे म्हणतात. वैद्यकात यांसाठी ‘ऑरा’ ही संज्ञा रूढ असून तिचा मूळ अर्थ वाऱ्याची झुळूक असा आहे. ती आधी अपस्माराच्या झटक्यापूर्वीच्या संवेदनांना लावली जात असे व पुढे अर्धशिशीच्या वर्णनात आली. अर्धशिशीच्या रुग्णांपैकी सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्णांनाच पूर्वलक्षणे जाणवतात. मात्र ज्यांना ती जाणवतात त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत ती दृष्टीची असतात. या लक्षणांचा उगम डोळ्यात नसून मेंदूच्या मागील भागातील दृक्-बाह्यकात (दृष्टिसंवेदनांचे ग्रहण करणाऱ्या मेंदूच्या पृष्ठस्तरात) असतो.

पूर्वलक्षणे व पूर्वरूप यांत गल्लत होऊ नये. डोके दुखू लागण्यापूर्वी काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत काही रुग्णांना वारंवार जांभया येतात, मान आखडते, गोड किंवा विशिष्ट पदार्थ खाण्याची इच्छा होते, मन चिडचिडे होते. हे पूर्वरूप होय. ते मंद, अनिश्चित व अनेकदा मागाहूनच ध्यानात येणारे असते. दृक्-पूर्वलक्षणांना याउलट निश्चित आरंभ, क्रम व शेवट असतो आणि तोच त्यांच्या ओळखीचा मुख्य आधार आहे.

स्वरूप : वाचताना एखादे अक्षर दिसेनासे होणे किंवा समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा एखादा भाग गळून पडल्यासारखा वाटणे, ही बहुधा सुरुवात असते. दृष्टिक्षेत्राच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका प्रथम लक्षात येतो. उन्हात चमकणाऱ्या भांड्याकडे पाहिल्यावर डोळ्यात राहणाऱ्या प्रतिमेसारखा तो भासतो. काही मिनिटांत तो वाढून नालाच्या किंवा चंद्रकोरीच्या आकाराचा होतो. त्याची बाहेरची कड करवतीच्या दात्यांप्रमाणे वाकड्यातिकड्या रेषांची बनलेली असून ती सतत लकलकत असते. बहुतेकांना ती काळी-पांढरी किंवा रुपेरी दिसते. काहींना तीत लाल, निळ्या, पिवळ्या छटा दिसतात. कोर हळूहळू एका बाजूला सरकत मोठी होत जाते, तिचे दाते परिघाकडे अधिकाधिक मोठे होतात आणि तिच्या आतल्या बाजूस अंधक्षेत्र म्हणजे काहीच न दिसणारा भाग मागे राहतो. अखेरीस कोर दृष्टिक्षेत्राच्या कडेवरून निघून जाते व दृष्टी पूर्ववत होते. या सर्वाला बहुधा २० ते ३० मिनिटे लागतात. पाच मिनिटांहून कमी व साठ मिनिटांहून अधिक काळ ही लक्षणे सहसा टिकत नाहीत. त्यानंतर तासाभराच्या आत डोकेदुखी सुरू होते. ती बहुधा चकाकी ज्या बाजूस दिसली तिच्या विरुद्ध बाजूस असते, परंतु हा नियम अव्यभिचारी नाही.

प्रत्येकास संपूर्ण कोर दिसतेच असे नाही. कोणास पाण्यातून किंवा तापलेल्या रस्त्यावरील हवेतून पाहिल्यासारखे हलते दृश्य दिसते, कोणास नुसते ठिपके, तर कोणास वस्तूंचा अर्धा भागच दिसेनासा होतो. लहान मुलांत वस्तू किंवा स्वतःचे हातपाय अवास्तव मोठे वा लहान भासण्याचा प्रकार आढळतो. मूल खोटे बोलते किंवा घाबरले आहे असे समजून त्याकडे दुर्लक्ष केले जाण्याचा संभव असतो. काही रुग्णांत दृष्टीनंतर बोटांपासून मनगट, कोपर, मग ओठ व जीभ अशा क्रमाने मुंग्या चढत जातात आणि कधी योग्य शब्द आठवेनासा होतो.

चकाकी एकाच डोळ्यात असल्याचे रुग्ण बहुधा सांगतो. प्रत्यक्षात ती दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राच्या एकाच बाजूस, उजव्या किंवा डाव्या अर्ध्यात, असते. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून पाहिल्यास हे सहज कळते. दोन्ही डोळे मिटले तरी चकाकी दिसत राहते, हीही तिच्या मेंदूतील उगमाची खूण आहे.

मराठी भाषिक समाजात या अनुभवासाठी ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’, ‘अंधारी येणे’, ‘भोवळ येणे’ असे शब्दप्रयोग आहेत. परंतु ते मूर्च्छा, अशक्तपणा, रक्तदाब घटणे अशा भिन्न अवस्थांनाही वापरले जातात. शिवाय डोकेदुखीबरोबर मळमळ व उलटी होत असल्याने आणि उलटीनंतर पुष्कळांना बरे वाटत असल्याने सगळा विकार ‘पित्ता’च्या खाती टाकण्याची प्रथा घरोघरी आहे. त्यामुळे रुग्ण वैद्याकडे उलटीचे वर्णन करतो, चकाकीचे करीत नाही. आणि ‘अंधारी येते’ एवढेच सांगितले तर त्यावरून काहीही निश्चित करता येत नाही. काय दिसले यापेक्षा ते किती वेळात व कसे पसरले हे विचारले असता मात्र निदान बहुधा तेथल्या तेथे होऊ शकते.

इतिहास : अर्ध्या डोक्याच्या वेदनेचे वर्णन प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून त्यांत अर्धावभेदकाचा समावेश आहे. डोक्याच्या अर्ध्या भागात फोडल्यासारखी व टोचल्यासारखी तीव्र वेदना, भ्रम आणि दहा वा पंधरा दिवसांनी किंवा अकस्मात येणारी पुनरावृत्ती ही तेथे दिलेली लक्षणे आजच्या वर्णनाशी जुळतात. विकार फार वाढल्यास डोळा किंवा कान निकामी होतो, असेही आयुर्वेदीय ग्रंथांत म्हटले आहे. सूर्य चढेल तशी वाढणारी व उतरेल तशी कमी होणारी वेदना ‘सूर्यावर्त’ म्हणून वेगळी मानली आहे. मात्र वेदनेच्या आधी दिसणाऱ्या चकाकीचा स्वतंत्र निर्देश अर्धावभेदकाच्या या लक्षणांत नाही. पाश्चात्त्य वैद्यकात गेलेन (इ. स. दुसरे शतक) यांनी वापरलेल्या, ‘अर्धे डोके’ अशा अर्थाच्या ‘हेमिक्रेनिया’ या ग्रीक शब्दापासून ‘मायग्रेन’ हा शब्द बनला. मराठी ‘अर्धशिशी’ या नावाचाही अर्थ तोच. ही सर्व नावे वेदनेवरून पडली आहेत आणि वेदना पुष्कळदा दोन्ही बाजूंस असते, हे लक्षात घेता ती फारशी समर्पक नाहीत.

दृक्-पूर्वलक्षणांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला त्यांपैकी अनेकांनी ती स्वतः अनुभवली होती. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज बिडल एअरी यांनी १८६५ मध्ये आपल्या अनुभवाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे पुत्र ह्यूबर्ट एअरी हे वैद्य होते व त्यांनाही हाच विकार होता. १८७० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी स्वतःस दिसलेल्या आकृतीची ठरावीक अंतराने काढलेली रंगीत चित्रे प्रसिद्ध केली. आजही ती पाठ्यपुस्तकांत छापली जातात, इतकी ती नेमकी आहेत. आकृतीची कड बुरुजांच्या तटबंदीच्या नकाशासारखी दिसते म्हणून त्यांनी ‘तट’ व ‘दृष्टी’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून तिला ‘टायकॉप्सिया’ असे नाव दिले. १८६० नंतरच्या दशकात पाडलेला मुंबईचा कोट जुन्या नकाशांत ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याच्या बाहेर आलेल्या टोकदार बुरुजांवरून या उपमेची कल्पना येईल. एडवर्ड लिव्हिंग यांचा १८७३ मधील ग्रंथ व विल्यम गॉवर्स यांची व्याख्याने यांमुळे या विषयाला तंत्रिकाविज्ञानात स्थान मिळाले.

कारणमीमांसा : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९४१ मध्ये केवळ स्वतःला दिसणाऱ्या आकृतीच्या आधारे एक महत्त्वाचे गणित मांडले. चकाकी दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून कडेपर्यंत जाण्यास लागणारा वेळ त्यांनी मोजला व दृक्-बाह्यकातील तेवढ्या क्षेत्राच्या लांबीशी तो ताडून पाहिला. त्यावरून, मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सु. ३ मिमी. वेगाने सरकत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या कडेला तीव्र उद्दीपन व तिच्या मागे निष्क्रियता, अशी त्या लाटेची रचना असावी. चमकती कड व तिच्या आतील अंधक्षेत्र यांचा उलगडा त्यामुळे होतो.

तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, ब्राझीलचे शरीरक्रियावैज्ञानिक आरिस्तीदेस लेआंव यांनी सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना एक वेगळीच घटना नोंदली. बाह्यकाच्या एका बिंदूस उद्दीपित केले असता तेथील विद्युत् क्रिया मंदावते व ही मंदावलेली अवस्था मिनिटाला ३ ते ५ मिमी. वेगाने सभोवार पसरते, असे त्यांना आढळले. हिला ‘पसरते बाह्यक-अवसादन’ म्हणता येईल. तंत्रिका कोशिका व त्यांना आधार देणाऱ्या कोशिका यांचे एकापाठोपाठ एक विध्रुवण होते (कोशिकापटलाच्या आतील व बाहेरील विद्युत् भारांतील फरक नाहीसा होतो), पोटॅशियम बाहेर पडते, शेजारच्या कोशिका त्यामुळे उद्दीपित होतात आणि लाट पुढे सरकते. मागे राहिलेल्या कोशिका काही काळ प्रतिसाद देत नाहीत. लॅश्ली व लेआंव यांच्या आकड्यांतील साम्य १९५८ मध्ये पी. एम. मिल्नर यांनी दाखवून देईपर्यंत या दोन शोधांचा परस्परसंबंध कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

या काळात हॅरल्ड वुल्फ यांची रक्तवाहिनी-उपपत्ती प्रचलित होती. मेंदूतील रोहिण्या आकुंचित झाल्याने पूर्वलक्षणे व नंतर प्रसरण पावल्याने वेदना उद्भवते, असे ती सांगे. ती सुटसुटीत असल्याने दीर्घकाळ शिकविली गेली. परंतु आकृती इतक्या संथ व ठरावीक गतीने का सरकते, याचे उत्तर तीत नव्हते. १९८१ मध्ये कोपनहेगन येथे येस ओलेसेन व सहकाऱ्यांनी पूर्वलक्षणे चालू असताना रक्तप्रवाह मोजला. रक्तप्रवाहातील घट मेंदूच्या मागील भागापासून पुढे पसरत जाते व ती कोणत्याही एका रोहिणीच्या क्षेत्राची सीमा पाळत नाही, असे त्यांत दिसून आले. २००१ मध्ये नूशीन हाजीखानी व सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या साहाय्याने पूर्वलक्षणांच्या वेळी दृक्-बाह्यकावरून मिनिटाला सु. ३·५ मिमी. वेगाने सरकणारा बदल टिपला. त्यामुळे रक्तप्रवाहातील बदल हा तंत्रिकांतील घटनेचा परिणाम आहे, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

आकृती कडेकडे जाताना मोठी का होते व वेगाने का सरकते, याचे कारण दृक्-बाह्यकाच्या रचनेत आहे. दृष्टीच्या मध्यबिंदूस बाह्यकात फार मोठी जागा मिळालेली असते, तर कडेच्या विस्तृत क्षेत्रास त्यामानाने थोडी. लाट सारख्याच गतीने चालत असली तरी मध्याजवळ तिची बाह्यकातील काही मिलिमीटरांची वाटचाल दृष्टिक्षेत्रात नगण्य भासते. कडेजवळ तेवढीच वाटचाल मोठा पल्ला व्यापते. बाह्यकातील अंतर सु. ६ सेंमी. धरले तर मिनिटाला ३ मिमी. वेगाने ते तोडण्यास २० मिनिटे लागतात, आणि रुग्ण सांगतो तो काळही साधारण तेवढाच असतो. कडेच्या नागमोडी रेषांचा खुलासाही असाच होतो. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल (१९८१ चे नोबेल पारितोषिक) यांनी दाखविल्याप्रमाणे दृक्-बाह्यकातील कोशिकांचे गट विशिष्ट तिरकसपणाच्या रेषांनाच प्रतिसाद देतात. लाट एकेका गटास चेतवीत गेली म्हणजे त्या त्या दिशेचे रेषाखंड दिसतात व ते एकमेकांस जोडले जाऊन दाते बनतात. ज्या आकृतीकडे रुग्ण पाहतो ती अशा रीतीने त्याच्याच बाह्यकाच्या रचनेचे चित्र असते.

लाटेमुळे मस्तिष्कावरणांतील त्रिमूल तंत्रिकेची टोके उद्दीपित होतात व कॅल्सिटोनिन जनुकाशी संबंधित पेप्टाइड हे द्रव्य स्रवून वेदना निर्माण होते, असे मानले जाते. वेदना होणारे बहुसंख्य रुग्ण चकाकी पाहतच नाहीत, त्यांच्यात काय घडते हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. तात्पुरती एकांगी दुर्बलता आणणाऱ्या एका दुर्मिळ कौटुंबिक प्रकारात कॅल्शियम-मार्गाच्या जनुकातील दोष १९९६ मध्ये सापडला. स्त्रियांत अर्धशिशी पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. अपुरी झोप, उपास, मासिक पाळी, प्रखर किंवा लुकलुकता प्रकाश ही झटक्याची नेहमीची निमित्ते होत. मुंबईतील डोकेदुखीतज्ञ के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांच्या निरीक्षणांवरून डोक्यावरून न्हाणे हेही एक निमित्त असल्याचे नोंदविले. पाश्चात्त्य याद्यांत नसलेली ही बाब येथील स्त्रिया आपल्या अनुभवाने सांगत आल्या आहेत.

व्यवच्छेदक निदान : पूर्वलक्षणे स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात, गंभीर विकार त्यांच्यासारखे दिसू शकतात, ही खरी अडचण आहे. पक्षाघातात किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील तात्पुरत्या अडथळ्यात दृष्टी एकदम जाते. चकाकी नसते, फक्त अंधार असतो. हात, तोंड व वाचा यांवर परिणाम झाल्यास तो एकाच वेळी होतो. अर्धशिशीत दृष्टी, मुंग्या, वाचा ही एकामागून एक व मिनिटामिनिटाने वाढत येतात. क्षणार्धात आलेली लक्षणे अर्धशिशीची समजून घरी झोपून राहणे धोक्याचे आहे, कारण रोहिणीतील गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेची मदत घ्यावी. एका डोळ्यापुरते वीज चमकल्यासारखे क्षणिक झोत, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा पडदा उतरल्यासारखे वाटणे ही जालपटल सुटण्याची लक्षणे असून नेत्रतज्ञाकडे त्याच दिवशी जावे लागते. दिव्याभोवती रंगीत कडी, डोळा लाल व तीव्र दुखणे यांवरून तीव्र काचबिंदूची शंका घ्यावी. मेंदूच्या पश्च भागातील अपस्मारात रंगीत, बहुधा गोल आकृती काही सेकंदांपासून दोन-तीन मिनिटेच दिसतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात डोळ्यांपुढे चमकणे व डोके दुखणे ही तक्रार आल्यास, पूर्वी अर्धशिशी असो वा नसो, प्रथम रक्तदाब व लघवीतील प्रथिन तपासणे आवश्यक असते. त्या काळातील रक्तदाबवाढीचा घातक विकार याच लक्षणांनी प्रकट होतो.

पन्नाशीनंतर डोकेदुखीवाचून नुसतीच चकाकी दिसण्याचा प्रकार सी. मिलर फिशर यांनी १९८० मध्ये तपशिलाने वर्णिला. तो बहुधा निर्धोक असला तरी या वयात प्रथमच दिसल्यास तपासणी करून घेणे इष्ट असते.

धोके : पूर्वलक्षणांसह अर्धशिशी असणाऱ्यांत रक्तपुरवठा खंडित होऊन होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सु. दुप्पट असतो. तरुण वयात मूळ धोका फार अल्प असल्याने दुप्पट होऊनही तो अल्पच राहतो. परंतु धूम्रपान व ईस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांची भर पडल्यास तो बराच वाढतो. म्हणून अशा स्त्रियांनी ईस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सांगितले आहे. शासकीय कुटुंबकल्याण कार्यक्रमातील ‘माला-एन’ ही गोळी याच वर्गातील आहे. त्याच कार्यक्रमातील ‘छाया’ ही हॉर्मोनविरहित गोळी व तांबी हे पर्याय उपलब्ध आहेत. गोळ्या सुरू करण्यापूर्वी ‘डोके दुखते का’ एवढेच न विचारता ‘दुखण्यापूर्वी चमकते का’ असे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दुसरा धोका वाहन चालविण्याचा. अंधक्षेत्र काळे दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो, त्यामुळे रस्ता मोकळा भासतो आणि त्या बाजूने येणारे वाहन दिसतच नाही. पनवेलजवळील कोन गावाच्या परिसरातून मुंबई–पुणे दरम्यानची अवजड वाहतूक अखंड चालते. ताशी ८० किमी. वेगाने जाणारे वाहन २० मिनिटांत सु. २७ किमी. अंतर कापते, म्हणजे कोनजवळ पहिला ठिपका दिसलेल्या चालकाची दृष्टी साधारणपणे खालापूर-खोपोलीचा परिसर येईपर्यंत, बोरघाटाच्या तोंडाशी, पूर्ववत होते. ठिपका दिसताच वाहन रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवून दृष्टी पूर्ण निवळेपर्यंत, आणि वेदना तीव्र असल्यास ती ओसरेपर्यंत, न निघणे हाच उपाय आहे. यंत्रावर किंवा उंचावर काम करणाऱ्यांनाही हे लागू पडते.

चिकित्सा : चालू असलेली चकाकी थांबविणारे खात्रीचे औषध नाही. शांत, अंधाऱ्या जागी पडून राहावे. ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन यांसारखे वेदनाशामक, जठरव्रण किंवा गरोदरपण अशी आडकाठी नसल्यास, पूर्वलक्षणे दिसताच पुरेशा मात्रेत घेतल्यास पुढील वेदना पुष्कळदा सौम्य होते. उलटी सुरू झाल्यावर जठराची हालचाल मंदावून गोळीचे शोषण नीट होत नाही. मुलांना ॲस्पिरीन देऊ नये. ट्रिप्टान वर्गातील औषधे चकाकीच्या वेळी नव्हे, तर वेदना सुरू होताच घ्यावयाची असतात; हृद्‌रोहिणीचा विकार किंवा पूर्वी पक्षाघात झालेल्यांना ती वर्ज्य आहेत. साधे वेदनाशामक महिन्यातून १५ दिवस किंवा ट्रिप्टान १० दिवस अथवा त्याहून अधिक, अशी सवय काही महिने राहिल्यास औषधांमुळेच डोके दुखू लागते. ही अवस्था औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणाऱ्यांत वारंवार दिसते.

झटके महिन्यातून चार किंवा अधिक असल्यास अथवा कमी असूनही असह्य असल्यास रोज घ्यावयाची प्रतिबंधक औषधे दिली जातात. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझीन व टोपिरामेट ही त्यांतील प्रमुख होत. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णास देत नाहीत, तर टोपिरामेट व व्हॅल्प्रोएट गर्भास अपायकारक असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांस देताना विशेष काळजी घ्यावी लागते. वेदनाजनक पेप्टाइडास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे २०१८ पासून वापरात आली. महिन्यातून एकदा टोचावयाची ही औषधे परिणामकारक असली तरी महाग आहेत. कोणतेही प्रतिबंधक औषध उपयोगी पडते की नाही, हे ठरविण्यास निदान दोन ते तीन महिने द्यावे लागतात. त्या काळात झटक्याची तारीख, चकाकी सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, ती कोणत्या बाजूस होती व तिच्या आकाराचे कच्चे रेखाचित्र यांची वहीत नोंद ठेवावी. तपासणीच्या वेळी बहुधा चकाकी नसल्याने तज्ञास या नोंदीवरच विसंबावे लागते.